मुलांच्या हातातील मोबाईल : एकट्या घराचा प्रश्न नव्हे

अंधेरी असो, मुलुंड असो वा घाटकोपर. उपनगरातील कोणत्याही शाळेच्या पालकसभेत अलीकडे एक तक्रार हटकून निघते. मूल मोबाईल सोडत नाही, जेवताना त्याला तो समोर लागतो, काढून घेतला तर आदळआपट करते, तेव्हा शाळेने काही तरी करावे, असे पालक म्हणतात. मोबाईल शाळेचा नाही, घरचा आहे, तेव्हा घरानेच काही तरी करावे, असे शिक्षक म्हणतात. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे असते. सभा संपते आणि ज्या मोबाईलवर सभेची सूचना आली होती त्याच मोबाईलवर रात्री सभेचा वृत्तान्त येतो.

या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेली असते, ती ही की मुलाचा मोबाईल हा ज्या त्या घरातील शिस्तीचा प्रश्न आहे. ज्या घरी वळण आहे तेथे मूल मोबाईल जपून वापरते, जेथे नाही तेथे ते बिघडते, असा हा समज. तो सोयीचा आहे. कारण त्यामुळे दोषाला एक धनी मिळतो, आणि हा धनी बहुधा घरातली आई असते. परंतु मोबाईल मुलाच्या हाती कसा आला, त्याची किंमत कोण मोजतो आणि एकटे घर त्याच्यापुढे हतबल का होते, या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार केला, तर हा प्रश्न घरगुती शिस्तीपेक्षा सामूहिक व्यवहाराचा अधिक आहे, असे दिसून येईल.

शाळेच्या वाटेने आलेले साधन

मोबाईल मुलाच्या हातात चोरपावलांनी आला, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. तो वाजतगाजत, आणि पुष्कळ अंशी शाळेच्याच वाटेने आला. २०१५ साली मुंबई महानगरपालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब वाटले, तेव्हा दप्तराचे ओझे हलके व्हावे हा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओने बाजारात पदार्पण केले आणि इंटरनेटचे दर कोसळले. २०१४ च्या सुमारास एका जीबीला दोनशे रुपयांहून अधिक पडत होते. काही वर्षांतच तो दर दहा रुपयांच्या आसपास आला. इतक्या थोड्या काळात इतकी स्वस्त झालेली दुसरी नित्योपयोगी वस्तू सहजासहजी आठवणार नाही.

त्यानंतर मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसातून तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोन तासिकांपेक्षा अधिक ऑनलाईन वर्ग नसावेत, असे त्यांत म्हटले होते. कागदावर ही मर्यादा योग्य होती. परंतु तासिका संपली तरी मोबाईल हातातच राहिला, आणि गृहपाठ, शिकवणी, वहीच्या पानांची छायाचित्रे हे सारे त्यावरच होऊ लागले. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग प्रत्यक्ष उघडले ते १५ डिसेंबर २०२१ रोजी, आणि जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा काही आठवडे बंद राहिले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत गेलेले मूल दुसरीचे अर्धे वर्ष सरेपर्यंत वर्गातल्या बाकावर बसलेच नव्हते. त्याच्या लेखी ‘शाळा’ या शब्दाचा पहिला अर्थ मोबाईल हाच होता. पुढे त्याच मुलाला, आता हे वाईट आहे, दूर ठेव, असे सांगितले गेले. मुलाचा गोंधळ उडाला तर त्यात नवल नाही.

आणखी एक भेद येथे ध्यानात घ्यावा लागतो. ज्या घरात दोन-तीन मोबाईल आणि एक संगणक होता तेथे मुलाचे शिक्षण कसेबसे चालू राहिले. मरोळ-साकीनाक्याच्या वस्त्यांतील ज्या घरात एकच मोबाईल होता, तेथे तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जात असे आणि मूल संध्याकाळी तो परत येण्याची वाट पाहत असे. त्यामुळे अनेक गरीब कुटुंबांनी कर्ज काढून, हप्त्यांनी दुसरा मोबाईल घेतला. तो मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेला असल्याने त्यावर मुलाचा हक्क आपोआप प्रस्थापित झाला. पोटाला चिमटा काढून घेतलेली वस्तू मुलाच्या हातून काढून घेणे आईबापांना जड जाते, हे समजण्यासारखे आहे.

स्वस्त वस्तूची महाग किंमत

वस्तूचा भाव आणि तिची किंमत या दोन भिन्न गोष्टी होत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. खिशातून जाणारा पैसा म्हणजे भाव; त्या वस्तूपायी ज्याचा त्याग करावा लागतो ती तिची खरी किंमत. मुलाने मोबाईलवर घालविलेल्या दोन तासांचा भाव जवळजवळ शून्य आहे. त्याची किंमत मात्र झोप, खेळ, वाचन आणि घरच्यांशी बोलणे या चलनात मोजावी लागते. भाव डोळ्यांना दिसतो, किंमत दिसत नाही. म्हणून ती मोजण्याचे कोणाला सुचत नाही.

पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच असे प्रतिपादन केले होते की, माहिती विपुल झाली की माणसाचे लक्ष ही वस्तू दुर्मिळ होते. जे दुर्मिळ असते त्याला बाजारात मोल येते. आजची फुकट ॲप आणि फुकट चित्रफिती यांचा सारा व्यवहार या एका सूत्रावर चालतो. तेथे मूल हे गिऱ्हाईक नसते. गिऱ्हाईक असतो जाहिरातदार, आणि त्याला विकला जाणारा माल असतो मुलाचा वेळ. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते ती दुकानदाराच्या हिशेबाने. ही योजना आखण्यासाठी मोठ्या पगाराचे तज्ज्ञ राबत असतात. अशा यंत्रणेशी दहा वर्षांच्या मुलाने केवळ मनोनिग्रहाच्या बळावर झुंजावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. किंबहुना ती अपेक्षा मोठ्या माणसांनाही पुरी करता येत नाही, हे लोकलच्या कोणत्याही डब्यात नजर टाकली तरी कळते.

ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांविषयी ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत जे आढळले ते या दृष्टीने बोलके आहे. स्मार्टफोन वापरता येत असल्याचे सांगणाऱ्या मुलांची संख्या ऐंशी टक्क्यांहून अधिक होती. परंतु आदल्या आठवड्यात त्याचा शैक्षणिक कामासाठी वापर केला असे सुमारे ५७ टक्के मुलांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापर केल्याचे सुमारे ७६ टक्क्यांनी. साधन अभ्यासासाठी घरी आले. त्याचा अधिक वापर मात्र दुसऱ्याच कामाला होत आहे.

दोन खोल्यांचे घर, दोन तासांचा प्रवास

उपदेश करणाऱ्यांनी अंधेरीतल्या सर्वसामान्य घराचा दिवस एकदा डोळ्यांसमोर आणावा. आई आणि वडील दोघेही नोकरीला. कोणी चर्चगेटकडे, कोणी मेट्रोने घाटकोपरकडे, कोणी सीप्झ वा औद्योगिक वसाहतीत, जेथे परदेशी गिऱ्हाइकाच्या घड्याळाप्रमाणे रात्रपाळी चालते. सकाळच्या शाळेचे मूल दुपारी घरी येते ते कुलूप उघडूनच. आजी-आजोबा गावाकडे. ‘घरी पोहोचलास का, जेवलास का’ हे विचारण्याचे एकच साधन आईपाशी असते, आणि ते साधन म्हणजे हाच मोबाईल. तो मुलाच्या हाती ठेवण्यात तिचा हलगर्जीपणा नसतो, काळजी असते.

खेळण्यास जावे तर जागा कोठे? चाळीपुढील अंगणे इमारतींच्या पुनर्विकासात वाहनतळांनी गिळली. अनेक सोसायट्यांत ‘येथे चेंडू खेळू नये’ ही पाटी असतेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले. परंतु मुंबईत शाळेची जागाच जेथे इंचाइंचाने मोजावी लागते, तेथे या नियमाचे काय होते हे शिक्षकांना सांगावयास नको. ज्या मुलाला अंगण नाही, त्याने सहा इंचांच्या काचेत अंगण शोधले, एवढाच याचा अर्थ. म्हणून मोबाईल काढून घेण्याचा विचार करताना त्याच्या जागी काय द्यावयाचे, याचेही उत्तर तयार असले पाहिजे.

एकट्याचा नियम का मोडतो?

समजा, एखाद्या घराने निश्चय केला की, आपला सहावीतील मुलगा मोबाईल वापरणार नाही. पहिल्या आठवड्यातच त्याला कळते की, वर्गातील मुलांचा एक गट मोबाईलवर आहे, खेळाचा बेत तेथे ठरतो, सहलीच्या गमती तेथे रंगतात, आणि गृहपाठात काय दिले तेही तेथेच समजते. मोबाईल सोडणारे एकटे मूल मोबाईलला मुकते ते मुकतेच, शिवाय मित्रांनाही मुकते. आईबाप हे पाहतात आणि महिन्याभरात नियम मोडतो. गंमत अशी की, वर्गातील बहुतेक पालकांच्या मनात हीच इच्छा असते. परंतु प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून थांबलेला असतो.

टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली या कोड्याची उकल एका साध्या उदाहरणाने केली होती. बर्फावर हॉकी खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंना शिरस्त्राणाचे महत्त्व कळत होते. पण आपण एकट्यानेच ते घातले तर खेळात कमी पडू, भित्रे दिसू, या धास्तीने कोणी घालीत नसे. सर्वांना सक्तीचा नियम केला असता तर मात्र त्यांपैकी अनेकांना तो हवाच होता. म्हणजे प्रत्येकाची इच्छा एक आणि प्रत्येकाची कृती तिच्या उलट. अशा ठिकाणी माणसे मूर्ख वा दुबळी असतात असे नाही. त्यांच्यात करार नसतो. मोबाईलच्या बाबतीत उपनगरातील पालकांची अवस्था नेमकी हीच आहे.

वडगावचा धडा

हा करार होऊ शकतो, हे महाराष्ट्रातीलच एका खेड्याने दाखवून दिले आहे. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. टाळेबंदीनंतर शाळा उघडल्या, पण मुलांचे लक्ष पुस्तकात लागेना, संध्याकाळ मोबाईल आणि दूरचित्रवाणीत जाऊ लागली, अशी शिक्षकांची व पालकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावातील महिलांची सभा झाली आणि दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनापासून, उपक्रम सुरू झाला. संध्याकाळी सात वाजता गावच्या देवळावरील भोंगा वाजे. घरोघरी मोबाईल आणि दूरचित्रवाणी संच बंद होत. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंतचा दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा आणि एकमेकांशी बोलण्याचा. आशा व अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी दारोदार जाऊन लोकांना हे पटवून दिले. या वार्तेची दखल देशभरच्या वृत्तपत्रांनी घेतली. परंतु बहुतेकांचे लक्ष भोंग्याकडे गेले.

वस्तुतः भोंगा ही त्यातली सर्वांत गौण गोष्ट. महत्त्वाच्या गोष्टी तीन. पहिली अशी की, नियम सर्वांना एकाच वेळी लागू होता; त्यामुळे कोणतेही मूल एकटे पडले नाही. दुसरी, तो मुलांइतकाच मोठ्यांनाही लागू होता. बापाने बातम्या पाहत बसावे आणि मुलाने पुस्तक उघडावे, असा दुटप्पी व्यवहार त्यात नव्हता. आणि तिसरी, तो आयांच्या सभेत ठरला होता, वरून आलेला नव्हता. दीड तासाचीच मागणी असल्याने ती पाळणे लोकांच्या आवाक्यात होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी या गावाने ग्रामसभेत अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. त्यामागील तळमळ तीच होती. परंतु मार्ग वेगळा. सरसकट बंदीत मोठी माणसे मोकळी राहतात आणि मुलाला वापर शिकण्याची संधीच उरत नाही. अठरावे वर्ष लागताच विवेक आपोआप येतो, असा अनुभव नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास प्रतिबंध केला, त्यात मात्र एक बाब लक्षणीय आहे : मुलांना वा पालकांना दंड नाही, जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे.

आपल्याकडेही कायदा अगदीच मुका नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती घ्यावी लागेल. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस त्यात मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरील प्रमुख बंधने अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने बंदी घातली. हे सर्व आवश्यकच होते. परंतु ज्या मुलाच्या हातात आईचाच मोबाईल आणि आईचेच खाते आहे, त्याच्यापर्यंत हा कायदा कसा पोहोचणार?

अंधेरीत काय करता येईल?

अंधेरीत भोंगा वाजवून भागणार नाही. सातच्या सुमारास येथील निम्मे आईबाप अजून गाडीत असतात आणि शेजारच्या दोन इमारतींचे वेळापत्रक एक नसते. पण गाव नसले तरी गावासारखे दोन समूह येथे आहेत : शाळेचा वर्ग आणि गृहनिर्माण संस्था. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्मे सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. खाजगी शाळांतही पालक-शिक्षक संघ असतो. या संस्था बहुधा शुल्क आणि स्नेहसंमेलन यांपुरत्याच जाग्या होतात. त्यांनी वर्षारंभी इयत्तेगणिक एक साधा करार करावा : अमुक इयत्तेपर्यंत कोणत्याही मुलाला स्वतःचा मोबाईल नको, मुलांचा स्वतंत्र गट नको, आणि रात्री साडेआठ ते साडेनऊ या वेळात कोणत्याही घरात, मोठ्यांसह, मोबाईल हातात नको. चाळीसांपैकी तीस घरांनी हे मान्य केले तरी उरलेल्या दहांच्या दृष्टीने चित्र पालटते. कारण मग मोबाईल नसणे हा अपवाद राहत नाही.

शाळेने आधी स्वतःपासून आरंभ करावा. गृहपाठ फळ्यावर लिहावा आणि मुलाने तो वहीत उतरवून घ्यावा, एवढी जुनी रीत परत आली, तरी मोबाईल उघडण्याचे रोजचे एक निमित्त नाहीसे होईल. शिक्षकांवर याचा भार वाढेल असे नाही. उलट, रात्री दहापर्यंत पालकांच्या संदेशांना उत्तरे देत बसण्याचे जे नवे काम त्यांच्या गळ्यात पडले आहे, त्यातून त्यांची सुटका होईल. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालाचाही रोख असाच होता की, तंत्रज्ञान शिकण्यास मदत करीत असेल तेथेच वापरावे.

मात्र दूर ठेवणे म्हणजे अडाणी ठेवणे नव्हे. संगणकाची खोली, शिक्षकाची उपस्थिती आणि ठरलेले काम, अशा चौकटीत मुलांना हे साधन शिकवावेच लागेल. त्या शिकवण्यात केवळ कळी दाबण्याचे कौशल्य नको, व्यवहारज्ञानही हवे. ही चित्रफीत फुकट का मिळते? तिचे पैसे कोण देतो? माझे नाव, शाळा आणि छायाचित्र हे कोणाला कशासाठी हवे आहे? ही बातमी खरी कशावरून? सातवी-आठवीचे मूल या प्रश्नांची उत्तरे मोठ्या उत्साहाने शोधते. आपला वेळ कोणी तरी विकत आहे, हे एकदा उमगले की, उपदेशाने न होणारे काम मुलाचा स्वाभिमान करून जातो.

घराच्या वाट्याचे काम थोडे पण अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची कमाल मर्यादा सुचविली आणि त्याहून लहानांसाठी पडदा नकोच म्हटले. तेव्हा भरविताना बाळासमोर मोबाईल धरण्याची सवय मुळातच लावू नये. मोठ्या मुलाने काय पाहिले हे चोरून तपासण्यापेक्षा दिवसातून वीस मिनिटे त्याच्याशेजारी बसून ते पाहणे अधिक उपयोगाचे. मूल त्यावर चार शब्द बोलते आणि भानगडीत सापडले तर सांगावयास घाबरत नाही. रात्री घरातील सर्वांचे मोबाईल स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवावेत; दोन खोल्यांच्या घरातही हे जमते. आणि कचेरीतून आलेला संदेश पाहण्यासाठी बापाने जेवताना मोबाईल उचलला, तर मुलाने त्याला हटकण्याचा अधिकार मान्य करावा.

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले तेव्हाही मुलांच्या भवितव्याची चिंता व्यक्त झाली होती, म्हणून आजची चिंताही तशीच विरून जाईल, असे काही जण म्हणतात. ही तुलना फसवी आहे. त्या काळी चाळीत एखाद्याच घरी संच असे, सारी चाळ तेथे जमे, आणि रात्री कार्यक्रम संपत. सर्वांनी मिळून पाहणे आणि ठरल्या वेळी थांबणे ही दोन बंधने तेथे आपोआप होती. मोबाईलने ती दोन्ही काढून घेतली आहेत. तो एकट्याने पाहावयाचा असतो आणि त्याला शेवट नसतो. ती बंधने आता माणसांनाच ठरवून निर्माण करावी लागतील. मोहित्यांच्या वडगावच्या आयांनी ती एका सभेत निर्माण केली. उपनगरातील एखाद्या शाळेच्या एका वर्गाच्या पालकांनी येत्या सभेत हा विषय पत्रिकेवर घेतला, तर तक्रारीचे रूपांतर ठरावात होण्यास फार वेळ लागणार नाही.